नाव घ्या, नाव! घाटंजी ते हैदा ग्वाई, व्हाया अजिंठा

घाटंजीकर, गुगल मॅप उघडा आणि समुद्र शोधा. सापडला? मुंबई सातशे किलोमीटरच्या आसपास! म्हणजे आपल्याकडे लाटा फक्त दोनच, एक उन्हाळ्यातली आणि दुसरी निवडणुकीतली. अशा गावात बसून समुद्राच्या नावेवर फीचर? काऊन नाही, बाप्पा?

कारण समुद्रावरच्या नावेची अर्धी गंमत कोरड्या जमिनीवरच घडली आहे. तिचं सगळ्यात भारी चित्र डोंगरात, तिची देवी डोंगरात, तिच्या सुपरहिट गाण्याची कवयित्रीसुद्धा आतल्या गावची! पुरावा पाहिजे? चला तर मग, वल्हं उचला. तिकीट फ्री, सीट कुठलीही!

घाटंजी टू बंगालचा उपसागर, डायरेक्ट!

माहीत आहे का? वाघाडी नदीत सोडलेली कागदाची होडी अरबी समुद्राकडे जाणारच नाही. मुंबईच्या उलट्या दिशेला पळेल!

रूट लिहून घ्या. वाघाडीतून पैनगंगा, पैनगंगेतून वर्धा, पुढे वर्धा-वैनगंगेची मिळून होते ती प्राणहिता, सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी आंध्रातून थेट बंगालच्या उपसागरात. तीन राज्यं, पाच नद्या, एक समुद्र. धरणांचे दरवाजे उघडे मिळाले आणि कागद भिजला नाही, तर घाटंजीलाही बंदर म्हणायला हरकत नाही!

डोंगा: दहा हजार वर्षांचं जुनं मॉडेल

विदर्भात नदीकाठी डोंगा कोणाला माहीत नाही? ढिवर आणि भोई मंडळींची ही नाव. जुन्या पद्धतीचा डोंगा म्हणजे झाडाचं एकच जाड खोड. ते आतून कोरायचं, बाहेरून तासायचं, पाण्यात लोटायचं. फळ्या नाहीत, सांधे नाहीत, खिळे नाहीत.

आता धक्का! जगातली आजवर सापडलेली सगळ्यात जुनी नाव हीच आयडिया वापरते. नेदरलँड्समध्ये पेसे नावाच्या गावाजवळ 1955 मध्ये हायवेचं काम चालू होतं. खोदताना पाइनचं एक कोरलेलं खोड निघालं. लांबी जेमतेम तीन मीटर. वय? साधारण दहा हजार वर्षं!

काही जाणकारांनी नाक मुरडलं. म्हणाले, ही नाव कसली, जनावरांच्या पाण्याचं कुंड असेल. मग 2001 मध्ये तिची हुबेहूब नक्कल बनवून पाण्यात सोडली, आणि ती मस्त चालली. टीकाकार गार! मूळ नाव आज आसन शहरातल्या म्युझियममध्ये आरामात पहुडली आहे.

विहीर खणली, नाव निघाली

नायजेरियातल्या दुफुना गावाजवळ 1987 मध्ये एक गुराखी विहीर खणत होता. पाणी लागायच्या आधी लागली नाव! वय आठ हजार वर्षांच्या आसपास, लांबी आठ मीटरहून जास्त. आफ्रिकेतली ही सगळ्यात जुनी ज्ञात नाव. आपल्याकडे विहीर खणताना खडक लागतो. नशीब आपलं आपलं!

नाव कोरायची नाही, शिजवायची!

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हैदा ग्वाई नावाची बेटं आहेत. इथले मूळ रहिवासी हैदा लोक म्हणजे डोंग्याचे सुपरस्टार. एकाच लाल देवदाराच्या झाडातून ते पंधरा-वीस मीटर लांबीची समुद्रात जाणारी नाव काढायचे.

पण झाडाचा घेर आहे तेवढाच. मग नाव रुंद कशी करायची? ट्रिक ऐका. कोरलेल्या खोडात पाणी भरायचं. विस्तवात लाल केलेले दगड त्या पाण्यात सोडायचे. पाणी उकळतं, वाफ धरते, लाकूड मऊ पडतं. मग दोन्ही बाजू हळूहळू बाहेर रेटायच्या आणि मध्ये आडव्या पट्ट्या ठोकून टाकायच्या. गार झाल्यावर नाव झाडापेक्षा रुंद!

वर नाळेवर रावण काढलेला असायचा. थांबा, आपला नव्हे! इंग्रजीतला रेव्हन, म्हणजे डोमकावळा. हैदा समाजाचे दोन मोठे गट, एक डोमकावळ्याचा आणि एक गरुडाचा. नावेवर कोण रंगवलंय ते बघूनच पाहुणे कोणाकडचे ते किनाऱ्यावर कळायचं. व्हॉट्सअॅप डीपीची गरजच नाही.

नोटेवरची नाव, नावेतला उंदीर

बिल रीड या हैदा शिल्पकाराने ब्राँझची एक अजब नाव घडवली, 'द स्पिरिट ऑफ हैदा ग्वाई'. तिच्यात 13 प्रवासी दाटीवाटीने बसलेत. अस्वल, बीव्हर, लांडगा, गरुड, बेडूक, एक उंदीरबाई, आणि मर्जी नसताना वल्हं मारायला बसवलेला एक म्हातारा! सुकाणू कोणाच्या हातात? सगळ्यात बिलंदर अशा डोमकावळ्याच्या. म्हणजे आजच्या राजकारणाची आगाऊ बातमीच!

एक नाव 1991 पासून वॉशिंग्टनमध्ये कॅनडाच्या दूतावासासमोर आहे. तिचीच हिरवी बहीण 1996 पासून व्हँकुव्हर विमानतळावर. विमानात बसायच्या आधी नावेचं दर्शन!

आणि 2004 मध्ये हीच नाव कॅनडाच्या 20 डॉलरच्या नोटेवर चढली. याला म्हणतात नाव कमावणं!

आमचीही नोट, आमचंही नाणं

हसू नका, आपणही मागे नाही. प्रजासत्ताक भारताच्या सुरुवातीच्या दहा रुपयांच्या नोटेवर मागच्या बाजूला शिडाची होडी होती. घरात आजीचा जुना डबा असेल तर शोधा.

आणखी मागे जायचंय? सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी, इसवी सनाचं दुसरं शतक. त्याच्या नाण्यांवर चक्क दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. ही नाणी मिळतात ती मुख्यतः आंध्रच्या किनाऱ्याकडे. म्हणजे आपली गोदावरी जिथे समुद्राला भेटते, त्याच बाजूला!

अजिंठ्याची नाव, वाशिमचा राजा

आता सीट बेल्ट बांधा. भारतातल्या प्राचीन जहाजाचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र कुठे आहे? गेटवेला? गोव्यात? नाही! अजिंठ्यात, 2 नंबरच्या लेण्यात. तीन डोलकाठ्या, उंच शिडं, मागे वल्ह्यासारखी मोठी सुकाणू. 17 नंबरच्या लेण्यात तर हत्ती-घोड्यांनी भरलेल्या नावा! आणि समुद्र? शेकडो किलोमीटर दूर.

हे काम झालं पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात. आणि माहीत आहे का, हा हरिषेण कुठला? वत्सगुल्मचा. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम! आपल्या यवतमाळचा शेजारी जिल्हा. समुद्राचं सगळ्यात भारी चित्र काढलं गेलं ते एका वऱ्हाडी राजाच्या राज्यात. आता बोला!

भिंतीवरून थेट समुद्रात

गोष्ट इथे संपत नाही. 2023 मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची 'होडी इनोव्हेशन्स' ही बोटी बांधणारी कंपनी यांनी ठरवलं की अजिंठ्यातली नाव खरीखुरी बांधायची. नकाशा नाही, मापं नाहीत, हातात फक्त भिंतीवरचं चित्र!

केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर आले. फळ्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत, नारळाच्या काथ्याने एकमेकींना शिवल्या. फटी बुजवायला काथ्या आणि झाडाचा चीक. बोट तरंगेल की बुडेल याची चाचणी मात्र आयआयटी मद्रासमध्ये. जुना टाका, नवा टेक!

21 मे 2025 ला कारवारला ही बोट नौदलात आली. नाव 'आयएनएसव्ही कौंडिण्य', समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेल्या दंतकथेतल्या भारतीय दर्यावर्दीवरून. शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर सिंहमुखी याळी. 29 डिसेंबर 2025 ला ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारीत मस्कतला पोचली. इंजिनाशिवाय, वाऱ्यावर! पाचव्या शतकातल्या चित्रकाराला याहून मोठी रॉयल्टी काय हवी?

इकडे वाघाडी, तिकडे वाघूर

बोनस नगेट! अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहते ती वाघूर नदी. आपली वाघाडी, त्यांची वाघूर, दोघींच्याही नावात वाघ. पण वाघूर तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. म्हणजे अजिंठ्यात सोडलेली होडी पश्चिमेला, घाटंजीत सोडलेली पूर्वेला. दोन वाघिणी, दोन समुद्र!

दर्याची देवी डोंगरात

कोळ्यांची आई एकवीरा कुठे राहते? समुद्रकिनारी? चूक! लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या डोंगरावर, लेणीच्या दारातच. चैत्रात कोळीवाडेच्या कोळीवाडे पालख्या घेऊन तिच्याकडे निघतात. वर्षभर भरती-ओहोटीत राहणारी माणसं देवीसाठी डोंगर चढतात.

आता घाटंजीकरांसाठी स्पेशल. एकवीरा हे रेणुकेचंच रूप मानलं जातं. आणि रेणुका? आपल्या पैनगंगेपलीकडची माहूरगडवाली! म्हणजे वर्सोव्याचे नाखवा आणि पारव्याचे शेतकरीभाऊ एकाच आईची लेकरं. देवीच्या नात्यानं आपण कोळ्यांचे भाऊबंद. पापलेट स्वस्तात मिळेल याची मात्र गॅरंटी नाही.

नौदल, पण घाटात!

कार्ल्याला गेलातच तर शेजारी लोणावळा. तिथे काय? चिक्की, धुकं आणि नौदल! 'आयएनएस शिवाजी' हा नौदलाचा तळ 1945 पासून सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. जहाजांची इंजिनं कशी चालतात, हे नौसैनिक शिकतात डोंगरावर. आणि नौदलाचं मुख्यालय? दिल्ली. तिथे तर लाटच नाही, फक्त थंडीची.

दर्याचं गाणं, इंदापूरची कवयित्री

'मी डोलकर' वाजलं की गॅदरिंगमध्ये कोळी डान्स ठरलेला. डोक्यावर टोपी, हातात वल्हं, पाय आपोआप डोलतात. गायलंय लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. आणि शब्द?

शब्द शांता शेळके यांचे. जन्म 1922, गाव इंदापूर, जिल्हा पुणे. समुद्र? नावालाही नाही! कोळीगीतांच्या राणीचा जन्म उसाच्या मुलखात. आता कापसाच्या मुलखातून कोणी पुढे येणार का? घाटंजीच्या कवींनो, जागा रिकामी आहे.

बोरिवलीत नौदलाचं युद्ध

बोरिवली म्हटलं की काय आठवतं? लोकलची गर्दी. पण तिथल्या एकसर गावात उभे आहेत वीरगळ, म्हणजे वीरांचे स्मृतिदगड, आणि त्यांच्यावर कोरली आहे समुद्रावरची लढाई! ओळीने निघालेली जहाजं, दोन्ही बाजूंनी वल्ह्यांची रांग, वर तलवारी.

वीरगळ वाचायचा कसा? खालून वर. तळाला लढाई, मध्ये मरण, वर स्वर्ग. टीव्ही सीरियलच्या उलट, इथे शेवट खरंच येतो! तेराव्या शतकात यादव आणि शिलाहार यांच्यात समुद्रावर झगडा झाला होता. एक मत असं की हे दगड त्याच लढाईचे. शिलाहार राजा सोमेश्वर त्यात बुडाला, असं यादवांचा मंत्री हेमाद्री लिहून गेला. गोव्यातही कदंबांच्या काळातले जहाजांचे वीरगळ सापडले आहेत. दगडात कोरलेली नाव बुडत नाही, हे बरं!

पालखी, पण पाण्यावर

माहीत आहे का, शिवकाळात एका गलबताचं नाव होतं 'पालखी'?

बखरीतली गोष्ट अशी. लाय पाटील हे कोळ्यांचे म्होरके. त्यांनी जीव धोक्यात घालून रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागून यायची ती कुमक वेळेत पोचली नाही, मोहीम फसली. पण महाराजांनी धाडसाची कदर केली आणि पाटलांना पालखीचा मान दिला. पाटील म्हणाले, आम्ही दर्यावरची माणसं, पालखी घेऊन काय करू?

मग महाराजांनी गलबत बांधायला लावलं, त्याचं नाव ठेवलं 'पालखी' आणि दिलं पाटलांना. मानही राहिला, कामालाही आला. आजकाल पुरस्कारात शाल-श्रीफळ मिळतं. कोणाला गलबत मिळालंय का?

61 दिवस नो फिशिंग!

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. हिशेब केला तर 61 दिवस. माशांच्या विणीचा हंगाम, वर समुद्र खवळलेला. माशांना मॅटर्निटी लीव्ह म्हणा ना!

या काळात नावा किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी होते. नवा रंग, नवी अक्षरं. देवाचं नाव, देवीचं नाव, पोरांचं नाव. माणसांना नावं ठेवली तर भांडण, नावेला नाव ठेवलं तर सण! आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ. घरात नारळीभात, किनाऱ्यावर बँड.

डोलकर डुलत नाही, भरती बघतो

डोलकर हे नाव आलं डोल जाळ्यावरून. हे जाळं ओढत न्यायचं नसतं. पिशवीसारखं तोंड उघडं ठेवून ते समुद्रात एका जागी बांधतात. काम करतो तो प्रवाह! भरती-ओहोटीच्या ओढीने मासे आपोआप आत. म्हणून डोलकराचं घड्याळ चंद्र. ऑफिस टायमिंग दररोज बदलतं आणि बॉस आकाशात.

मिळतं काय? मुख्यतः बोंबील. इंग्रज त्याला 'बॉम्बे डक' म्हणत, पण त्याचं बदकाशी काडीचंही नातं नाही. मासा तो मासा!

मालवणची उलांडी, हवाईचा चुलतभाऊ

मालवण-गोव्याकडे अरुंद होडीच्या एका बाजूला दांड्यांवर लाकडाचा एक लांब ओंडका तरंगत जोडलेला दिसतो. तिला म्हणतात उलांडी. लाट आली तरी होडी कलंडत नाही. स्कूटरला साइडकार, तशी होडीला उलांडी.

हीच आयडिया हवाई, ताहिती, फिजीपर्यंत सगळ्या पॅसिफिक महासागरात आहे. निकोबार बेटांवरही उलांडीवाली नाव आहे, तिला आता जीआय टॅगही मिळाला. आणि तिकडे तिला काय म्हणतात? होडी! ऐकलं ना?

कंपास नको, तारे पुरे

1976 मध्ये हवाईहून ताहितीला एक जोडनाव निघाली, 'होकुलेआ'. अट एकच, कंपास नाही, नकाशा नाही, कुठलंच यंत्र नाही! पण हवाईत तेव्हा ही विद्या जाणणारा कोणी उरलाच नव्हता. मग मायक्रोनेशियातल्या सातावाल या चिमुकल्या बेटावरून माउ पियाइलुग यांना बोलावलं. ताऱ्यांचं उगवणं-मावळणं आणि लाटांचा हेलकावा यावरून त्यांनी दिशा धरली.

महिन्याभराहून जास्त प्रवास, चार हजार किलोमीटर, आणि नाव बरोब्बर ताहितीला! किनाऱ्यावर हजारोंची गर्दी. जीपीएस असूनही यवतमाळच्या बायपासला चुकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

76 जण या, मगच निघते!

न्यूझीलंडच्या माओरी लोकांची एक युद्धनाव आहे, 'न्गातोकिमाताव्हाओरुआ'. एका दमात म्हणून दाखवा! लांबी 35 मीटर, तीन कौरी झाडांतून घडवलेली, 1940 सालची. ती हलवायला कमीत कमी 76 वल्हेकरी लागतात. आपल्या लालपरीत साधारण 44 सीट. म्हणजे घाटंजी डेपोच्या जवळजवळ दोन गाड्या भरतील तेव्हा ही नाव पाण्यात उतरणार!

आपल्याकडे केरळच्या चुंडन वळ्ळम या शर्यतीच्या नावाही काही कमी नाहीत. शंभराहून जास्त वल्ही एका तालात पडतात. 1952 मध्ये पंडित नेहरू ही शर्यत बघायला आलप्पुळाला गेले आणि एवढे रंगले की जिंकलेल्या नावेतच उडी मारून बसले. पुढे त्यांनी चांदीची ट्रॉफी पाठवली. तीच आजची नेहरू ट्रॉफी!

डोळे दिपवा, दागिने मिळवा

पापुआ न्यू गिनीच्या ट्रोब्रियंड बेटांवर नावेच्या तोंडाशी झगझगीत रंगांची कोरीव फळी लावतात. नुसती शोभा? छे! या नावा दूरच्या बेटांवर शंखांचे हार आणि कडी यांची देवघेव करायला जातात. फळी बघून समोरच्याचे डोळे दिपले पाहिजेत, भान सुटलं पाहिजे, आणि त्याने भारीतला दागिना काढून दिला पाहिजे, असा हिशेब! मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड जेलने यावर गाजलेला निबंध लिहिला. मार्केटिंगचा कोर्स करणाऱ्यांनो, फी वाचली.

भाताच्या पिठातलं जाळं

डहाणूकडचे जिव्या सोमा म्हशे हे वारली चित्रांचे महाराज. 2011 मध्ये पद्मश्री. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बस्स! त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं जगभर गाजली. कॅनव्हास भरून बारीक विणलेलं जाळं आणि त्यात कुठेतरी माणूस. बघता बघता नजर अडकते. मासा कोण, हे मग कळतं.

त्याहून जुनं हवं? रत्नागिरीचा सडा गाठा. कोकणातल्या कातळशिल्पांत शार्क, स्टिंग रे, कासव आणि आणखी काय काय! कशेळीचा कोरलेला हत्ती तर सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. 2022 पासून ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

रॅपिड फायर!

* सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात आणि काठावर कुस्तीइतकी गर्दी होते.

* कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात पूर आला की गूळ बनवायची काहील पाण्यात उतरते आणि नाव बनते. आधी रस, मग प्रवासी!

* 1817 मध्ये मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली 'एचएमएस ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. सागवानाची ताकद यवतमाळकरांना वेगळी सांगायला नको.

* बिल रीडची लाकडी नाव 'लूटास' 1989 मध्ये पॅरिसला सीन नदीतून वल्हवत नेली. 1998 मध्ये त्याच्या अस्थी त्याच नावेतून त्याच्या आजोळच्या बेटावर गेल्या.

* 'आयएनएसव्ही म्हादेई' गोव्यात बांधली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय.

* आणि एक ताजा उखाणा, पूर्ण लोकल: कपाशीच्या रानात घाटंजी गाव, डोंग्यात बसून घेते रावांचं नाव!

परवानगी मागा, मगच उतरा

1989 पासून अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी पुन्हा मोठ्या नावा घेऊन एकमेकांच्या गावी जाऊ लागले. त्याआधी ही प्रथा जवळजवळ बंदच पडली होती. आजही नाव किनाऱ्याला लागली तरी कोणी उडी मारून उतरत नाही. नावेतूनच आपण कोण, कुठून आलो ते मोठ्याने सांगायचं, उतरायची परवानगी मागायची. यजमान 'या' म्हणाले की मगच पाय जमिनीवर! आधी फोन न करता जेवायला टपकणाऱ्या पाहुण्यांना हा पॅरा फॉरवर्ड करा.

लक्षात घेतलंत का? तिकडे परंपरा पुन्हा उभी राहिली ती नाव कोरता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांमुळे. त्यांना पोरांनी वेळेत विचारलं, म्हणून.

तर मग निकाल काय?

नाव ही किनाऱ्याची मक्तेदारी नाही, भाऊ! हैदाची नाव आणि विदर्भाचा डोंगा, दोन्हींची सुरुवात एका खोडापासून. फरक एवढाच की त्यांनी ती नोटेवर छापली आणि आपण पूल झाल्यावर काठावर पालथी टाकली.

म्हणून दोन कामं सांगतो. पहिलं, पैनगंगेकडे किंवा वैनगंगेकडे गेलात आणि डोंगा दिसला, तर नुसता सेल्फी काढू नका. डोंगेवाल्या काकांना विचारा, लाकूड कोणतं, कोरलं कोणी, किती दिवस लागले. सांगतील ते रेकॉर्ड करा. बसायचंच असेल तर लाइफ जॅकेट घाला. शौक आपल्या जागी, जीव आपल्या जागी.

दुसरं, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना अजिंठ्याला न्या आणि 2 नंबरच्या लेण्यात ते जहाज त्यांचं त्यांना शोधू द्या. वाशिमच्या राजाची गोष्टही सांगा. फक्त सोमवारी जाऊ नका. सोमवारी अजिंठा बंद असतो!